स्वकर्म म्हणजे जॉब प्रोफाइल नव्हे



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ४५ ते ४८. ज्यांच्याकडे सार्थ ज्ञानेश्वरी आहे त्यांनी याच श्लोकांवरच्या ओव्याही वाचाव्यात. कॅबमध्ये, लोकलमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, जिथे जमेल तिथे.

आधी चारही श्लोकांचा साधा अर्थ. ४५ वा सांगतो की आपापल्या कामात रमलेला माणूस सिद्धीला पोचतो. कसा पोचतो, ते ४६ वा सांगतो. ज्याच्यापासून सगळे जीव निघाले आणि ज्याने हे सगळं व्यापलंय, त्याची पूजा माणसाने आपल्या कामाने करावी. ४७ वा म्हणतो, दुसऱ्याचा धर्म कितीही छान जमला तरी त्यापेक्षा आपला उणा असलेला बरा. आणि ४८ वा म्हणतो, सहज कर्म दोष असला तरी सोडू नये, कारण आगीला जसा धूर तसा प्रत्येक कामाला काहीतरी दोष चिकटलेला असतोच.

वाचायला सोपे श्लोक आहेत. या वेळी मात्र मी आठवडाभर त्यांच्यावरच अडकून बसलो, आणि त्याला कारण माझा मावसभाऊ.

तो पुण्यात मॅन्युअल टेस्टिंगमध्ये आहे, सहा वर्षं झाली. म्हणजे सॉफ्टवेअर लोकांच्या हातात जाण्याआधी ते स्वतः वापरून, इकडून तिकडून ठोकून, कुठे फुटतंय ते शोधायचं. कंपनीचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. आज हीच गोष्ट दहा ठिकाणी चालू आहे. क्लायंटने ठरवलं की टेस्टिंगचं बरंचसं काम आता ऑटोमेशन आणि एआय टूल्स करतील. अकरा जणांच्या टीममधले सात रिलीज झाले. हा त्यातला एक. सध्या बेंचवर. साठ दिवसांत दुसरा प्रोजेक्ट शोध, नाहीतर बघू, असं त्याला सांगण्यात आलंय. ‘बघू’ म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं.

तो घरी परभणीला आलाय. गल्लीत कुणीही भेटलं की पहिला प्रश्न, “काय करायलास सध्या?” आणि त्याच्यापाठोपाठ ती म्हण येतेच : बनी तो बनी, नहीं तो परभणी. बाहेरचे लोक ती आमची खिल्ली उडवायला वापरतात. आम्ही मात्र ती कितीतरी वर्षं धीर द्यायला वापरत आलोय. कुठे नाही जमलं तर गाव आहेच. त्याला सध्या ती कोणत्याच अर्थाने ऐकवत नाही.

त्याने फोनवर विचारलं, “दादा, तू रोज गीता वाचतोस ना. मग सांग, माझं स्वकर्म काय? टेस्टिंग? तुझा श्लोक म्हणतो सहज कर्म सोडू नये. मी कुठं सोडलंय? कामानंच मला सोडलं.”

या वाक्याला माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. म्हणून पुन्हा पुस्तक उघडलं, आणि पहिल्यांदा पाहिलं की हे कोण कुणाला सांगतंय.

ऐकणारा अर्जुन आहे. त्याचं काम संपलेलं नाही, काम त्याच्यासमोर सेना घेऊन उभं आहे. आणि दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला तो म्हणतो की या गुरुजनांना मारण्यापेक्षा भिक्षा मागून जगणं बरं. म्हणजे समोरचं अवघड काम टाकून दुसऱ्याच कुणाचं तरी शांत दिसणारं जगणं त्याला हवंय. ‘परधर्म’ हा शब्द या पळून जाण्याला लावलेला आहे. ज्याचं क्षेत्रच पायाखालून सरकलं, त्याला उद्देशून हा श्लोक नाही.

आता गंमत बघा. याच अर्जुनाने युद्धाच्या थोडंच आधी, अज्ञातवासाच्या वर्षात काय केलं होतं? विराट राजाकडे बृहन्नडा होऊन राजकन्या उत्तरेला नाचगाणं शिकवलं. भीम बल्लव नावाने स्वयंपाकघरात. नकुल घोड्यांच्या पागेत, सहदेव गाईंकडे. द्रौपदी सैरंध्री होऊन राणीची वेणीफणी करत होती. युधिष्ठिर कंक नावाने राजाशी फासे खेळत होता, ज्या फाशांनी राज्य घालवलं तेच फासे! सगळ्या घराण्याचं जॉब प्रोफाइल एका रात्रीत बदललं. महाभारत कुठेही म्हणत नाही की हे परधर्मात गेले.

आणि कुणीही हवेतून काम उचललं नाही. अर्जुन इंद्रलोकी असताना चित्रसेन गंधर्वाकडून नृत्य-गायन शिकला होता. तेव्हा ते कशाला लागेल हे त्याला कुठे माहीत होतं. भीमाला खाण्याइतकाच रांधण्यात रस. नकुलाला घोडे कळत होते. प्रत्येकाने स्वतःच्या स्वभावात आधीपासून काय पडलंय ते चाचपलं आणि त्यातून त्या वर्षाचं काम काढलं. मला ‘सहज’ या शब्दाचा अर्थ इथे उमगतो. सहज म्हणजे आपल्यासोबत जन्मलेलं. पदनाम कुणाच्या सोबत जन्माला येत नाही.

पण इथे थांबून एक गोष्ट बोलली पाहिजे. ती टाळून पुढे जाणं मला प्रामाणिक वाटत नाही.

४७ आणि ४८ हे श्लोक आपल्याकडे शेकडो वर्षं असे वाचले गेले की ज्या घरात जन्मलास त्याच घराचं काम कर. त्यांच्या आधीच्या श्लोकांत चार वर्णांची कामं सांगितली आहेत, त्यामुळे हा अर्थ काढायला जागाही होती. ४१ व्या श्लोकात स्वभावातून आलेल्या गुणांची भाषा आहे, जन्माची नाही, असं आपण म्हणू शकतो, आणि मी तसंच वाचतो. पण समाजाने तसं वाचलं नाही, हे त्या उत्तराने पुसलं जात नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये यावर नेमकं बोट ठेवलं. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेलं ते भाषण. ते देता आलं नाही म्हणून त्यांनी स्वतः छापलं. त्यातला एक मुद्दा आज आयटीवाल्यांनी मुद्दाम वाचावा असा आहे. ते म्हणतात की उद्योग कधीच स्थिर नसतो, त्यात एकाएकी उलथापालथी होतात, आणि अशा वेळी माणसाला धंदा बदलण्याची मोकळीक नसेल तर तो जगेल कसा? जात ती मोकळीक देत नाही, म्हणून जात हे बेकारीचंही एक थेट कारण आहे, असं त्यांचं म्हणणं. कामांची वाटणी वेगळी आणि काम करणाऱ्यांची कायमची वाटणी वेगळी, हा फरक त्यांनी दाखवला.

हे वाचल्यावर ‘आपलं काम सोडू नये’ हे वाक्य मी कुणालाही सहज तोंडावर फेकू शकत नाही. ज्यांना सोडायची परवानगीच नव्हती, त्यांच्यासाठी काम सोडता येणं हीच सुटका होती. श्लोकाचा जो अर्थ माणसाला एका खुंटीला बांधून ठेवतो, तो अर्थ मी घेत नाही. मी ४६ वा घेतो. त्यात कोणतं काम हे सांगितलंच नाही, कुणासाठी हे सांगितलंय.

ज्ञानेश्वर महाराज तिथे कर्माला फुलं म्हणतात. आपल्या कर्माची फुलं त्या सर्वांच्या आत असलेल्याला वाहायची. आता घरात बघा, आई देवाला रोज एकच फूल वाहते का? श्रावणात पारिजातक असतो, दसऱ्याला झेंडू, उन्हाळ्यात मोगरा. काहीच नसेल त्या दिवशी तुळशीचं पान. पूजा चुकत नाही.

हे मात्र म्हणायला फार सोपं आहे. पगाराची फुलं नसतात, आणि ईएमआय तुळशीच्या पानावर भागत नाही. म्हणून खरंच जिचं काम काळाने पुसून टाकलं अशा बाईकडे जाऊ या. ती आमच्याच जिल्ह्यातली आहे.

संत जनाबाई गंगाखेडच्या. गोदावरीच्या काठचं गाव, परभणीच्या दक्षिणेला. शेगावहून पंढरपूरला जाणारी गजानन महाराजांची पालखी गंगाखेडवरूनच जाते, तेव्हा गावात पाय ठेवायला जागा नसते. लहानपणीच बापाने जनाबाईंना नामदेवांच्या वडिलांकडे, दामाशेटींकडे ठेवलं आणि त्यांचं सगळं आयुष्य त्या घरात राबण्यात गेलं. दळण, कांडण, झाडलोट, पाणी भरणं, शेणी वेचणं. त्यांच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत आणि स्वतःची ओळख त्या नामयाची दासी अशीच देतात. लिंक्डइनवर असं कुणी लिहील का?

त्यांच्या कामांची यादी पुन्हा वाचा. त्यातलं आज काय उरलंय? जातं गेलं, उखळ गेलं. नळ आला, गॅस आला, शेणीही जवळजवळ गेल्या. आधी डिझेल इंजिनवरची पिठाची गिरणी आली, तिचा पुक-पुक आवाज आमच्या वडिलांच्या पिढीला अजून आठवतो. मग विजेवरची आली. हजारो वर्षं घराघरातल्या बाईने पहाटे उठून केलेलं काम एकदोन पिढ्यांत नाहीसं झालं. आपण आपल्या क्षेत्राला वेगाने बदलणारं म्हणतो, पण इतकं जुनं आणि इतक्या जणींचं काम इतक्या झटकन जाणं ही लहान गोष्ट नाही.

आणि ते गेलं हे चांगलंच झालं! कुठलीही बाई जातं परत मागणार नाही. माझी आजी म्हणायची, “हातावरचे घट्टे गेले माय, बरं झालं.” पण त्याच दमात ती हेही म्हणायची की पहाटेचं बसायचं ठिकाण गेलं. कारण जात्यावर नुसतं पीठ पडत नव्हतं. तिथे ओवी होती. सासर-माहेर, भाऊ, पंढरपूर, मेलेलं लेकरू, सगळं त्या ओवीत यायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवां यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. आता त्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. आमच्या पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसच्याही आहेत. हेडफोन लावून एक ऐकाच. काम गेल्यावर काय काय सोबत जातं, ते कळतं.

आजीचं पुढे काय झालं? तिने ओवी वाती वळताना म्हणायला सुरुवात केली. ज्वारी निवडताना, लेकरू झोपवताना. काही ओव्या जात्याच्या लयीशिवाय जमेनात, त्या ती विसरली. काही जमल्या, त्या राहिल्या. जनाबाईंबद्दलची कथा सांगते की त्यांच्यासोबत विठ्ठल दळू लागायचा. पंढरपूरजवळ गोपाळपूरला ते जातं म्हणून दाखवतातही. मी ती कथा लहानपणापासून चमत्कार म्हणून ऐकली. आता वाटतं, त्यात जात्याला काही मान नाही. दुसरी एक कथा तर शेणींची आहे. जनाबाईंच्या शेणी दुसऱ्या बाईने चोरल्या, भांडण लागलं, आता कुणाच्या कोणत्या ओळखायचं कसं? तर कानाला लावून बघा, ज्यातून विठ्ठल-विठ्ठल ऐकू येईल त्या जनीच्या. शेण सारखंच आणि थापायची रीतही सारखीच. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात जी गीता-प्रवचनं दिली, साने गुरुजींनी उतरवून घेतली ती, त्यात चौथ्या अध्यायावर बोलताना हाच भेद समजावलाय. बाहेरून पिंडीवर पाण्याची धार चालू, पण आतही धार हवी. बाहेरच्या कर्माला आतल्या मनाची जोड मिळाली तरच काही घडतं. ती आतली जोड कुठल्या टूलवर अवलंबून नसते.

एक सावधगिरी. जनाबाईंचं नाव घेऊन कुणी तुम्हाला शनिवार-रविवार फुकट राबवत असेल तर त्याला बळी पडू नका. जनाबाईंनी ते काम निवडलेलं नव्हतं, त्या काळात त्यांच्यासारख्या मुलीला निवड नव्हतीच. त्यांनी विठ्ठलाला आपल्या बरोबरीला बसवलं, वेळप्रसंगी त्याला शिव्याही घातल्या. मालकापुढे मान खाली घालायला शिकवणारी भक्ती ती नव्हे.

परत मावसभावाकडे. त्याला म्हटलं, आजीच्या कोणत्या ओव्या राहिल्या आणि कोणत्या गेल्या, तसं तुझ्या कामाचं बघू. तो म्हणाला, ठीक आहे, पण ओव्यांवर प्रोजेक्ट मिळत नाही. बरोबर आहे. म्हणून मी त्याला आमच्या ओळखीच्या एका काकांकडे नेलं.

परभणीहून नांदेडकडे निघालं की पूर्णा जंक्शन लागतं. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी ही निजामाच्या काळातली मीटरगेज लाइन, आणि पूर्णेहून अकोल्याकडे फाटा. वाफेच्या दिवसांत पूर्णेचं लोकोशेड गजबजलेलं असायचं. काका तिथे इंजिन साफ करणारे म्हणून लागले, मग फायरमन झाले. भारतात वाफेची इंजिनं बनवणं १९७२ सालीच थांबलं, पण असलेली इंजिनं पुढे वीसेक वर्षं धावत राहिली. म्हणजे काकांना निरोप फार आधी मिळाला होता. नव्वदच्या दशकात आमच्याकडची लाइन ब्रॉडगेज झाली, डिझेल आलं. डिझेलला फायरमन लागत नाही. काकांना प्रशिक्षण देऊन डिझेलवर सहायक म्हणून घेतलं, सगळ्यांचं इतकं सरळ झालं नाही. पुढे २००३ साली नांदेड विभाग झाला आणि पूर्णेचं जुनं वैभव ओसरलं.

मावसभावाने विचारलं, वाफेवरचं शिकलेलं काही उपयोगाला आलं का? काका बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “कान आले. वाफेच्या इंजिनाचं दुखणं आवाजावरून कळायचं. डिझेलचंबी कळतं, फक्त नवा आवाज शिकावा लागतो. वर्षभर मला काहीच कळंना, मग लागलं कळायला.” आणि थोड्या वेळाने, “कोळसा मारायची कला मात्र वाया गेली. चालत्या गाडीत, हलत्या पायांनी, आगीत जिथं हवा तिथंच फावडं रिकामं करायचं. ती पुन्हा कुठंच लागली नाही.”

मला ते दुसरं वाक्य जास्त आवडलं. आपल्याकडे ‘ट्रान्सफरेबल स्किल्स’ म्हणून सगळंच कुठे ना कुठे लागतं असं सांगतात. सगळं नाही लागत. काही चांगल्या गोष्टी वाया जातात, आणि त्यांच्यासाठी वाईट वाटणं यात श्रद्धा कमी पडली असं काही नाही.

घरी येताना मावसभाऊ स्वतःच बोलायला लागला. टेस्ट केस एक्सेलमध्ये भरणं, स्क्रीनशॉट चिकटवणं, रिग्रेशनच्या त्याच त्या शंभर पायऱ्या, हा कोळसा. गेला तर जाऊ दे. पण एखादा फॉर्म पाहिल्यावर ‘इथे माणूस चुकणार’ असं जे त्याला आधी जाणवतं, ते? मी त्याला पीक विम्याची शेवटची तारीख आठवून दिली. सेवा केंद्राबाहेर दोनशे माणसांची रांग, आत पेज फिरतंय, ओटीपी येईपर्यंत सेशन संपतंय, आणि सातबारा हातात धरून बसलेल्या म्हाताऱ्याला वाटतंय की आपलंच काहीतरी चुकलं. ते पेज ज्यांनी तपासलं त्यांच्या डोळ्यांसमोर हा म्हातारा होता का? टूल हजार वेळा बटण दाबून बघेल. पण या म्हाताऱ्यासाठी काय तपासायला हवं, ते आधी कुणाला तरी सुचावं लागतं. ४६ व्या श्लोकात ज्याने सगळं व्यापलंय असं म्हटलंय, तो त्या रांगेतही उभा असणारच ना? टेस्टिंगमध्ये याचं पूजेचं ताट तेच होतं आणि पुढेही तेच राहू शकतं. पदनाम क्यूए असो, बिझनेस अ‍ॅनालिस्ट असो, नाहीतर परभणीत स्वतःचं सेवा केंद्र असो.

तो ऑटोमेशन शिकायला लागलाय. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. पायथॉन शिकावं की प्लेराइट, हे गीता सांगत नाही. ते जॉब पोस्टिंग्ज वाचून ठरवलं. पण चार दिवसांनी त्याने जे विचारलं ते मला पहिल्या प्रश्नापेक्षा अवघड गेलं. “मी हे शिकलो आणि मला प्रोजेक्ट मिळाला, तर मी लिहिलेल्या स्क्रिप्टनं दुसऱ्या टीममधले चौघं बेंचवर येणार. माझ्यासारखेच. मग?”

यावर ४८ वा श्लोक. धूर.

आमच्या शेतात पूर्वी कापूस आणि ज्वारी असायची. नव्वदच्या दशकानंतर सगळ्या मराठवाड्यात सोयाबीन पसरलं, आमच्याकडेही आलं. वडिलांना ते परवडलं. लवकर येणारं पीक, रोख पैसा, रब्बीला रान मोकळं. पण कापूस वेचायला बायका लागायच्या, दिवाळीच्या आधीपासून पुढे कितीतरी आठवडे. सोयाबीन कापून मळणीयंत्रात घातलं की काही दिवसांत रान रिकामं, आणि आता तर हार्वेस्टरच येतो. आम्ही बदललो ते चांगलं झालं, पण त्यांचं वेचणीचं काम गेलं. दोन्ही एकाच वेळी खरं आहे. कुणाच्या मनात पाप नव्हतं, तरी धूर झालाच.

श्लोक म्हणतो, धूर आहे म्हणून आग सोडू नये. काही लोक यातून ‘धूर असतोच, सोडून द्या’ असं काढतात. मला ते पटत नाही. चुलीपुढे बसलेली बाई स्वयंपाक सोडत नाही हे खरं, पण ती खिडकी उघडते, लाकूड वाळलेलं बघते, फुंकणीने जाळ करते, आणि लेकराला धुराच्या बाजूला बसू देत नाही. त्या चौघांचं काय करायचं, याचं उत्तर यातूनच सुरू होतं. आजवर आपण जे बदल केले, त्यांत धूर कुणाकडे गेला ते आपण पाहतो का? मॅनेजरच्या प्रेझेंटेशनमध्ये वाचलेले तास दिसतात. ते तास कुणाचे होते ते दिसत नाही.

मावसभावाने काय ठरवलं ते सांगतो. त्याच्यासोबत रिलीज झालेल्या सात जणांचा ग्रुप आहे. त्यात आतापर्यंत मीम्स आणि शिव्या चालायच्या. त्याने रोज रात्री नऊ वाजता एक तास कॉल सुरू केलाय. सकाळी जे शिकला ते तो रात्री त्यांना शिकवतो. पहिल्या दिवशी दोघं आली, काल पाच होती. सातातल्या एकीने क्षेत्रच सोडून बँकेच्या परीक्षेचा अभ्यास सुरू केलाय, तिला तो गणित शिकवतो, तेही त्याच कॉलवर शेवटची दहा मिनिटं. प्रोजेक्ट अजून कुणालाच मिळालेला नाही. साठातले तेवीस दिवस गेलेत.

तुमच्यापैकी जे अशाच टप्प्यावर आहेत त्यांच्यासाठी एक छोटा अभ्यास, हवा तर करा. रात्री झोपण्याआधी वहीत लिहा, आज माझं काम कुणापर्यंत पोचलं. क्लायंटचं नाव नको, शेवटच्या माणसाचं लिहा : नर्स, ड्रायव्हर, रांगेतला म्हातारा. माहीत नसेल तर दुसऱ्या दिवशी ऑफिसात विचारा. बेंचवर असाल तर मागच्या प्रोजेक्टचं लिहा. आणि त्याखाली, माझ्या कामाचा धूर कुणाकडे गेला, तेही. मग हरिपाठ, आणि झोप. मी दहा दिवस करतोय. दुसरा रकाना भरायला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

उद्या श्लोक ४९. त्यात नैष्कर्म्य हा शब्द येतो, म्हणजे कर्म करूनही अकर्म असण्याची अवस्था. बेंचवरच्या मंडळींनी नाव वाचून खूश होऊ नये, त्याचा अर्थ वेगळा आहे. ज्ञानेश्वरी सोबत ठेवा.

राम कृष्ण हरी.